गाडीत बसलेल्याचा हक्क

सिन्नरच्या बाजाराहून काळी-पिवळीत दाटीवाटीने बसताना आपण भाडे ठरवतो. अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे कोण विचारतो?

१३ जानेवारी २०२३ रोजी सकाळी सिन्नर तालुक्यातल्या पाथऱ्याजवळ साईभक्तांची खासगी बस आणि ट्रक यांची टक्कर झाली. दहा जण दगावले. सरकारने वारसांना पाच लाख रुपये जाहीर केले. पण ती झाली मदत. हक्काची भरपाई वेगळी, ती मागावी लागते.

चूक बसवाल्याची की ट्रकवाल्याची, हा त्यांचा वाद. दोघांचीही असेल तर प्रवाशाला कोणा एकाकडूनही सगळी रक्कम वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. प्रवासी बिचारा काही गाडी हाकत नसतो!

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, आपण राहतो त्या भागातही करता येतो. कायद्यातली मुदत सहा महिन्यांची. चूक सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळण्याची सोय १ एप्रिल २०२२ पासून आहे. मात्र जपा! ही रक्कम घेतली की मोठा दावा संपू शकतो. कमावत्या माणसाचा पाय गेला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

घरगुती गाडी भाड्याने धावत असेल तर विमा कंपनी हात वर करू पाहते. मालकाची जबाबदारी तरीही उरतेच. म्हणून गुरुजी, गावात कोणी जखमी झाले तर गाडीचा नंबर, पंचनाम्याची नक्कल आणि दवाखान्याच्या पावत्या एका पिशवीत ठेवायला आधी सांगा.