१९११ नंतर काय झालं, ते रोव्हर्स कपला विचारा

दर वर्षी २९ जुलै उजाडला की आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तोच मजकूर येऊन पडतो. अकरा अनवाणी बंगाली तरुणांनी १९११ साली बूटवाल्या गोऱ्या पलटणीला फुटबॉलमध्ये लोळवलं; भारतीयांचा इंग्रजांवरचा हा पहिला विजय; त्या धसक्याने इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवली; आणि त्यानंतर या देशातला एकही चषक गोऱ्यांच्या हाती लागला नाही. खाली तिरंगा, जोडलेले हात आणि ‘खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा’ अशी तंबी. आमचे रत्नागिरीकर खरे भारतीय असल्यामुळे पुढे पाठवतात.

या चार विधानांतलं एकही धड बरोबर नाही. सामना मात्र खरा आहे आणि चीड त्याचीच येते. इतकी भक्कम गोष्ट हाताशी असताना तिला खोटेपणाची कल्हई कशाला?

आधी सामना बघू. २९ जुलै १९११ ला कलकत्त्याच्या मैदानावर आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. पहिला गोल पलटणीचा. शिवदास भादुडी यांनी बरोबरी केली आणि सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना अभिलाष घोष यांनी विजयी गोल मारला. शील्ड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. इथपर्यंत सगळं सोळा आणे खरं. पण अनवाणी होते दहा जण. बचावफळीतले सुधीर चटर्जी बूट घालून खेळले आणि हे कुणी लपवून ठेवलेलं नाही, मोहन बागानच्या इतिहासात ते नेहमी सांगितलं जातं. पहिल्या विजयाचं म्हणाल, तर १८९२ मध्येच शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. एकोणीस वर्षं आधी.

राजधानीची थाप सगळ्यात भव्य. दिल्ली दरबारात १२ डिसेंबर १९११ ला राजधानी हलवण्याची घोषणा झाली, सामना जुलैतला, म्हणजे झालं कारण-कार्य सिद्ध! व्हाइसरॉय हार्डिंगचं ‘माय इंडियन इयर्स’ हे आत्मचरित्र उघडून बघा. राजधानी दिल्लीला न्यावी आणि बंगालची फाळणी रद्द करावी, असं सुचवणारं गृहखात्याचे सदस्य जॉन जेंकिन्स यांचं टिपण १७ जून १९११ चं आहे. त्या दिवशी मोहन बागानने शील्डचा पहिला सामनासुद्धा खेळलेला नव्हता. हार्डिंगने भारतमंत्र्यांना अधिकृत खलिता धाडला २५ ऑगस्टला. फाळणीविरुद्ध बंगाल सहा वर्षं पेटलेला होता, हे त्यामागचं कारण सातवीच्या पोरालाही सांगता येईल. साम्राज्याची राजधानी दोन गोलांनी हलत नसते.

आता ते चौथं विधान. १९११ नंतर सगळे चषक आपलेच, हे. माझा खरा राग याच्यावर आहे, कारण ते खोडून काढणारा पुरावा आपल्याच मुंबईत कूपरेजच्या मैदानावर पडलेला आहे आणि तिकडे बघायला कुणाला सवड नाही.

रोव्हर्स कप मुंबईत १८९१ साली सुरू झाला. पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचा. तेव्हापासून १९३६ पर्यंत या चषकावर एकाही भारतीय संघाचं नाव नाही. मोहन बागानच्या त्या विजयानंतर तब्बल पाव शतक मुंबईचा चषक गोऱ्यांकडेच राहिला. इतरत्रही तेच. खुद्द शील्ड पुन्हा भारतीय संघाच्या हाती यायला १९३६ उजाडावं लागलं, तेव्हा ती मोहम्मेडन स्पोर्टिंगने जिंकली. सिमल्याला सुरू झालेला ड्युरँड कप १९४० पर्यंत भारतीय संघाला मिळाला नाही. तोही पहिल्यांदा मोहम्मेडननेच नेला.

एवढी वर्षं का लागली? गोरे तगडे आणि आपण किडकिडीत, असं सोपं उत्तर देणारेही भेटतात. १९११ च्या निकालानेच ते मोडीत निघतं. खरं कारण स्पर्धेच्या पद्धतीत आणि लोकांच्या पोटापाण्यात आहे. रोव्हर्स बाद पद्धतीचा. एक हार, की गाशा गुंडाळा. बरोबरी झाली तर सामना पुन्हा खेळायचा, म्हणजे मुक्काम वाढला. पलटणीच्या संघाला याची फिकीर नसे. खेळाडू सरकारी पगारावर, राहायला बराक, रोजची कवायत आणि संघाची काळजी वाहायला साहेब. उलट कलकत्त्याहून यायचं तर रेल्वेचा दीड-दोन दिवसांचा प्रवास, मुंबईत उतरायची सोय आणि कचेरीतून मिळेल तेवढी रजा. आपले खेळाडू दिवसभर नोकरी करणारे किंवा कॉलेजात शिकणारे. त्यांना एका सामन्यात पलटणीला गाठता येई. लागोपाठ चार-पाच सामने जिंकणं ही वेगळी गोष्ट होती.

आणि पाय. अनवाणी खेळणं म्हणजे शौर्य असं या मजकुरात गृहीत धरलेलं असतं. कोरड्या, सपाट जमिनीवर अनवाणी पाय चपळ असतो हे कबूल. चेंडू बोटांनी ओढता येतो, वळणं पटकन घेता येतात. पण ऑगस्टमध्ये आमच्याकडच्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर जाऊन उभे राहा. तांबडी माती पावसाने लोण्यासारखी झालेली असते. अनवाणी पोरगा पळता पळता अंगठा मातीत रुतवून थांबायला बघतो आणि टाच सरकून बुडावर आपटतो. शेजारचा स्टडवाला मात्र जागच्या जागी उभा राहतो. त्या काळच्या बुटांना तळाला चामड्याचे स्टड ठोकलेले असत. चेंडूही आजच्यासारखा गुळगुळीत नव्हता. जाड चामड्याच्या पट्ट्या शिवलेल्या, आत रबरी ब्लॅडर आणि तोंड वादीने आवळलेलं. भिजला की चामडं पाणी पिऊन दगडासारखं जड होई. तो उघड्या पायाने मारून बघावा, म्हणजे अनवाणीपणाचा रोमांच कमी होईल.

१९२३ चा हंगाम या सगळ्याचा दाखला आहे. त्या वर्षी मोहन बागान, गोष्ठो पाल यांच्यासारखा अनवाणी खेळणारा बचावपटू असलेला संघ, आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि पावसाने चिखल झालेल्या मैदानावर गोऱ्या साहेबांच्या कलकत्ता फुटबॉल क्लबकडून हरला. त्याच वर्षी तो मुंबईला रोव्हर्स खेळायला आला आणि इथेही थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. समोर डरहॅम लाइट इन्फंट्री. निकाल १-४. सामना सरळ सरळ एकतर्फी झाला. पण घरापासून इतक्या लांब येऊन, एकेक पलटण बाजूला सारत अंतिम फेरी गाठणं ही माझ्या मते १९११ च्या तोलाची कामगिरी आहे. तिच्यावर कुणी मजकूर फिरवत नाही, कारण शेवटी चषक मिळाला नाही. आपल्याला इतिहास म्हणून फक्त निकाल लागतात.

पहिला भारतीय विजय आला १९३७ मध्ये आणि तो ना बंगालचा, ना मुंबईचा. बंगलोर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स जिंकला. अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी होता मोहम्मेडन स्पोर्टिंग. गोल एकच झाला. म्हणजे जेव्हा कोंडी फुटली, तेव्हा अंतिम सामन्यात गोरी पलटण औषधालाही नव्हती! पुढच्याच वर्षी बंगलोर मुस्लिम्सने अर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीला ३-२ असं हरवून चषक राखला. त्यांची नावं आमच्या त्या मजकुरात कधीच नसतात. का नसतात, याचा विचार ज्याने त्याने करावा. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा लष्करी संघांनी चषक नेला, तेव्हा ‘त्यानंतर एकदाही नाही’ हे विधान इथेही आपटतं.

‘एवढा चिकित्सकपणा कशाला, देशाभिमानाची गोष्ट आहे’ असं मला सुनावलं जातं. अहो, पंचवीस वर्षं हरत, पैसे जमवत, रजा काढत, पुन्हा पुन्हा येत राहून जिंकलेल्या लोकांना तुम्ही एका दुपारच्या चमत्कारापुढे पुसून टाकता, यात कसला अभिमान?

दुसरी लाडकी थाप १९५० च्या विश्वचषकाची. भारतीय अनवाणी खेळतात म्हणून फिफाने आपल्याला ब्राझीलला येऊ दिलं नाही म्हणे. हे तर शाळांच्या सामान्यज्ञान स्पर्धेत विचारतात आणि गुण देतात! भारताला प्रवेश मिळालेला होता. पात्रता गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतल्यामुळे एकही सामना न खेळता मिळालेला होता. जायचं नाही हा निर्णय आपल्याच संघटनेचा. समुद्रमार्गे लांबचा प्रवास, अपुरा सराव, संघनिवडीतली भांडणं आणि ऑलिंपिकपुढे विश्वचषक किरकोळ वाटणं, ही कारणं तेव्हाचा कर्णधार शैलेन मन्ना आणि नंतरचे अभ्यासक सांगत आले आहेत. एक साधा हिशेब करा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून जेमतेम १-२ असे हरले. १९५२ ला हेलसिंकीतही कित्येक जण अनवाणीच उतरले. युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला, आणि त्यानंतर आपल्याच संघटनेने बूट सक्तीचे केले. १९५० साली अनवाणी पायांना जगाने दारं बंद केली असती, तर दोन वर्षांनी हेलसिंकीत कोण खेळलं?

किरकोळ थापा आता भराभर उडवतो. ड्युरँड ही जगातली सगळ्यात जुनी स्पर्धा नाही. ती १८८८ ची, इंग्लंडचा एफए कप १८७१-७२ चा. ड्युरँड आशियातली सगळ्यात जुनी म्हणा, चालेल. रोव्हर्स भारतातला दुसरा सगळ्यात जुना चषक, असं आपल्याकडचे अभिमानी लिहितात. कलकत्त्याचा ट्रेड्स कप १८८९ चा आहे. गोव्याला फुटबॉल पोर्तुगीजांनी शिकवला असं छातीठोक सांगणाऱ्यांनी विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंचं नाव शोधावं. १८८३ चं श्रेय सहसा त्यांना दिलं जातं. अमेरिकेला हा खेळ अलीकडे कळला, असं तिकडे मुलं-नातवंडं असलेले आमचे शेजारी म्हणतात; तिथला राष्ट्रीय चॅलेंज कप १९१३-१४ ला सुरू झाला, ब्रुकलिन फील्ड क्लबने ब्रुकलिन सेल्टिकला २-१ असं हरवून तो जिंकला आणि ती स्पर्धा नाव बदलून आजही चालू आहे.

‘महाराष्ट्र म्हणजे क्रिकेट, फुटबॉल आपला नव्हेच’ ही मात्र एका ओळीत उडवण्याजोगी थाप नाही. मुंबईत १९०२ पासून फुटबॉलची लीग होती. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची, म्हणजे ज्या वर्षाचे आपण गोडवे गातो त्याच वर्षाची. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा अर्धं गाव मैदानात असतं. पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला कधी जाऊन बघा, क्रिकेटचं नाव काढायची हिंमत होणार नाही. १९५८ ला रोव्हर्स मुंबईच्याच कॅल्टेक्स संघाने जिंकला. त्याआधी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी कूपरेजवर राज्य केलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईत टाटांकडून खेळायचा. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. भारतीय फुटबॉलच्या सोन्याच्या दिवसांतला मोठा भाग मुंबईच्या एका मैदानावर, मराठी माणसाच्या डोळ्यांदेखत घडला आहे.

शेवटचा रोव्हर्स कप २०००-०१ च्या हंगामात झाला. मोहन बागानने जिंकला. त्यानंतर स्पर्धा बंद पडली आणि कुणी मोर्चा काढला नाही.

एक विनंती आहे. रत्नागिरीतल्या किती घरांतले आजोबा-पणजोबा चाकरमानी म्हणून मुंबईत गिरणीत, गोदीत, रेल्वेत होते. त्यांतले काही जण सुटीच्या दिवशी कूपरेजला सामने बघायला जायचे. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादं तिकीट, सामन्याची छापील पत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण किंवा संघाचा फोटो निघाला तर रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने साल आणि माहीत असतील ती नावं लिहा आणि जवळच्या वाचनालयात त्याची एक प्रत द्या.