मेल उघडताच व्हायरसचा इशारा? आधी इशारा खरा आहे का ते बघा



सकाळी दुकान उघडलं, ऑर्डर आली का बघायला जीमेल उघडलं आणि स्क्रीनवर लाल चौकट आली: 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे!' अशा वेळी लोक दोनपैकी एक चूक करतात. घाबरून समोर दिसेल ते बटण दाबतात, नाहीतर 'हे रोजचंच आहे' म्हणून दुर्लक्ष करतात.

एक नियम लक्षात ठेवा. इशाऱ्यावर क्लिक करायचं नाही; अँटिव्हायरस आपण स्वतः उघडून बघायचा. विंडोज १० किंवा ११ मध्ये स्टार्टला जाऊन 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'प्रोटेक्शन हिस्ट्री' बघा. दुसरा अँटिव्हायरस विकत घेतला असेल तर त्यातही अशी नोंद असते.

नोंद नाही? मग तो इशारा बहुतेक एखाद्या वेबसाइटने दाखवलाय. आपण कधीतरी कुठल्या साइटला नोटिफिकेशनसाठी 'अलाऊ' म्हटलेलं असतं, तीच कोपऱ्यात खोटे इशारे पाठवते. नीट बघा, त्यात बारीक अक्षरात साइटचा पत्ता दिसेल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिची परवानगी काढा. इशाऱ्यात फोन नंबर दिला असेल तर तो हमखास खोटा समजा. तिथे फोन करायचा नाही, एनीडेस्कसारखं ॲप टाकायचं नाही.

नोंद आहे? तरी घाबरू नका. ब्राउझरमध्ये मेल वाचताना त्यातली चित्रं आणि आपण उघडलेल्या फाइली तुमच्या मशीनवर उतरतात, अँटिव्हायरस त्या तपासतो. 'ब्लॉक' किंवा 'क्वारंटाइन' लिहिलं असेल तर चोर दारातच पकडला गेलाय. मेल डिलीट करा आणि एकदा फुल स्कॅन लावा.

खरा धोका पुढे आहे. 'पण ऑर्डर महत्त्वाची आहे' म्हणून आपणच 'अलाऊ' दाबतो. माझ्याकडे एकदा 'परचेस ऑर्डर' नावाची झिप फाइल आली, पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. अशा फाइलच्या आतलं मेल सेवेला सहसा तपासता येत नाही, म्हणूनच पासवर्ड लावतात. झिप उघडली तसा अँटिव्हायरसने आतला माल अडवला. मोठ्या ऑर्डरच्या लोभाने मी 'अलाऊ' दाबणारच होतो. आधी त्या पार्टीला जुन्या नंबरवर फोन लावला. ते म्हणाले, "आम्ही काही पाठवलंच नाही." त्याच मशीनवर माझं टॅली, जीएसटी आणि बँकेचं लॉगिन होतं!

म्हणून आजच तीन कामं करा:

१. विंडोज ११ च्या फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. (विंडोज १० मध्ये 'व्ह्यू'मध्येच टिक आहे.) नाहीतर शेवटी 'डॉट ईएक्सई' असलेली फाइल साधी पीडीएफ वाटते.

२. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. लावून ठेवलात तर व्हायरस त्यालाही धरतो.

३. मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.

पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

दुकानात काउंटरवर दुसरं कोणी बसत असेल तर हा नियम त्यांनाही आजच सांगा. 'अलाऊ' कोणीही दाबलं तरी हिशोब आपलाच जातो.