सभा गावची, सभा सोसायटीची

मतदारयादीत नाव असलेला गावातला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, मग तो वाड्यात राहो की भाड्याच्या खोलीत. 73व्या घटनादुरुस्तीने 1993पासून ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा रूढ आहेत. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असतील तेवढे पुरतात. तेवढेही जमत नाहीत अशी गावे आहेतच.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट वेगळी. तिथे बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय होतात. 2009मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे बांबूची विक्री ग्रामसभेच्या हाती आली. सभेला काही ठरवायचे असले की माणसे येतात, एवढे यातून नक्की दिसते.

शहरात याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. ती 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. पार्किंग, गळती, देखभाल खर्च हे विषय ठरलेले, भांडणेही. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग हजर असतील तेवढ्यांवर उरकते. इथे मत मात्र मालकाचे. भाडेकरूची हयात त्या इमारतीत गेली, तरी त्याला मत नाही.

मोठ्या शहरांसाठी 74व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या. आपली समिती कुठली, हे किती शहरवासीयांना सांगता येईल?