मागचं चाक मोकळं सोडणारी शर्यत

पाचोडच्या आसपासचे शेतरस्ते जिथे धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतात, तिथे पावसाळ्यात डांबरावर काळ्या मातीचा चिकट थर बसतो. मोसंबीच्या बागांतून निघालेले ट्रॅक्टर तो चाकांबरोबर घेऊन येतात. मोटारसायकलवाला तेवढ्या पट्ट्यात पुढच्या ब्रेकवरची बोटं आपोआप सैल करतो आणि गाडी सरळ ठेवतो. डांबरावर रबराला मिळणारी पकड चिखलात मिळत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. सुपरमोटो ही अख्खी शर्यत याच फरकावर उभी आहे.

सुरुवात १९७९ची, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडची. एबीसी वाहिनीच्या एका क्रीडा कार्यक्रमासाठी मातीतले आणि डांबरावरचे नामवंत स्वार एकाच ट्रॅकवर उतरवले गेले. ट्रॅकचा काही भाग डांबरी, काही मातीचा. सगळ्यात वाकबगार कोण, हे ठरवायचं होतं. १९८५नंतर अमेरिकेतली ही स्पर्धा थांबली, पण फ्रान्सने हा खेळ उचलून धरला आणि २००२ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरू लागली.

गाडी मुळात मोटोक्रॉसची, म्हणजे हलकी, उंच आणि लांब सस्पेन्शनची. तिची २१ आणि १९ इंची चाकं काढून साधारण १७ इंची रुंद चाकं आणि गुळगुळीत स्लिक टायर बसवतात. सस्पेन्शन आखूड करतात. पुढची ब्रेक डिस्क २६०-२७० मिलीमीटरवरून ३२० मिलीमीटरच्या आसपास नेतात. व्यास वाढला की तेवढ्याच दाबात चाकाला रोखणारा पीळ वाढतो.

खरी गंमत वळणावर आहे. टायरची पकड म्हणजे खिशातले मोजके पैसे. ब्रेकवर खर्च केले तितके वळायला कमी उरतात. त्यात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे ढकललं जातं. साधा हिशेब करू. गाडी आणि स्वार मिळून १८५ किलो, दोन चाकांतलं अंतर दीड मीटर, गुरुत्वमध्य पाऊण मीटर उंचीवर आणि वजन दोन्ही चाकांवर सारखं. गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट जोराने वेग कमी केला, तर मागच्या चाकावरचे ९२ किलो घटून जेमतेम १८ उरतात. हे हलकं झालेलं चाक सरकणारच. रस्त्यावर आपण त्याला घाबरतो, सुपरमोटोचा स्वार त्याचाच उपयोग करतो. वळणाआधी भराभर गिअर पाडून, मागच्या ब्रेकवर अलगद पाय ठेवून तो मागचं चाक बाजूला सरकू देतो. वळण संपायच्या आत गाडीचं तोंड बाहेरच्या वाटेकडे फिरलेलं असतं. इंजिनच्या ओढीने चाक एकदम जाम होऊ नये म्हणून स्लिपर क्लच थोडा घसरतो. हे सगळं काही क्षणांत होतं, आणि मला तरी मोटारसायकलच्या खेळात याहून सुंदर दुसरं काही दिसत नाही.

मातीचा पट्टा आला की तेच स्लिक टायर जवळजवळ निरुपयोगी होतात. मग स्वार पाय बाहेर काढून, गाडी आपल्याखाली झुकवत तोल सांभाळतो. माती संपली तरी रबराला चिकटलेली धूळ डांबरावर लगेच सुटत नाही, आणि त्या पहिल्या काही मीटरांत घाई करणारा पडतो.

या खेळाचा एक धागा आपल्या रस्त्यांवरही आहे. केटीएमची १९९४ची पहिली ड्यूक सुपरमोटोच्या घडणीची होती. बजाजच्या चाकण कारखान्यात बनणाऱ्या ३९० ड्यूकमध्ये ‘सुपरमोटो’ मोड मिळतो. तो निवडला की मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं, पुढचं चालू राहतं. म्हणजे मागचं चाक सरकवायची मोकळीक मिळते. महामार्गावर उसाची ट्रॉली समोर असताना ही मोकळीक जिवावर बेतेल. ती बंद ट्रॅकसाठीच आहे.

असे ट्रॅक मात्र हवेत. सुपरमोटोला मैलोगणती सर्किट लागत नाही. कार्टिंगचा आखूड डांबरी ट्रॅक आणि त्याला जोडून दाबून घेतलेल्या मातीचा, एक-दोन उड्यांचा तुकडा एवढ्यावर शर्यत होते. वेग तुलनेने कमी असतो आणि प्रेक्षकाला प्रत्येक वळण जवळून दिसतं. जानेवारी २०२४मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा स्टेडियममध्येही माती टाकून ट्रॅक उभारता आला होता. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना असलेल्या आपल्या जिल्ह्यात गाडीची नस ओळखणारे फिटर आणि मेकॅनिक थोडे नाहीत. शहराजवळ असा एक ट्रॅक झाला, तर पाचोडच्या पोरांना महामार्गावर गाडी फेकून दाखवायची गरज उरणार नाही.