ठिणगीच्या आधीच ठरलेलं

संगमनेर तालुका दुधाचा. गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी आणि स्वयंपाकघरात सिलिंडर, अशी घरं इथल्या गावांत आहेत. चहा दोन्हींवर होतो, पण गळती झाली तर दोन्हींचा धोका सारखा नसतो. गोबरगॅसमध्ये मिथेन साधारण 55 ते 60 टक्के. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो जळत नाही, उलट उष्णता शोषून स्फोटाचा जोर कमी करतो. सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनला असा लगाम नाही. शिवाय हा गॅस हवेच्या दीड ते दोन पट जड. तो ओट्याखाली, जमिनीलगत साचून राहतो.

अपघातानंतर सगळे ठिणगीचा शोध घेतात. ठिणगी काय, दिव्याच्या बटणाचीही पुरते. स्फोट किती मोठा होणार, हे मात्र त्याआधीच ठरलेलं असतं.

हवेत सिलिंडरचा गॅस साधारण 2 ते 9 टक्के असेल तरच मिश्रण पेटतं. सर्वांत जोरदार स्फोट 4 टक्क्यांच्या आसपास. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत 2 टक्के गाठायला सव्वा किलो गॅस पुरतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये तो 14.2 किलो असतो! आणि खाली साचलेल्या थरासाठी तर सव्वा किलोही लागत नाही.

पूर्ण बंद भांड्यात असा स्फोट दाब सुमारे आठपट करतो. सुरुवातीचा दाब दुप्पट असेल, तर शेवटचाही जवळपास दुप्पट. तापमानाचं गणित मात्र चकवणारं आहे. त्याच दाबाचं मिश्रण आधीच तापलेलं असेल तर त्यात रेणू कमी मावतात, म्हणून कमाल दाब घटतो; पण ज्वाला अधिक वेगाने पसरते. साध्या विटांच्या भिंतीला वातावरणाच्या दाबाइतका जादा दाबही पेलत नाही, हे लक्षात घ्या.

सर्वांत घातक ठरते ती खळबळ. स्थिर मिश्रणात ज्वाला सेकंदाला अर्ध्या मीटरहूनही कमी वेगाने मिश्रण जाळते. पाइप आणि यंत्रांच्या गर्दीत ती घुसळली गेली की हा वेग कित्येक पट वाढतो, म्हणून कारखान्यातल्या वायूच्या ढगाची एवढी भीती. नागोठण्याच्या गॅस क्रॅकर संकुलात 5 नोव्हेंबर 1990 रोजी ईथेन-प्रोपेनची गळती होऊन स्फोट झाला, त्यात तीसहून अधिक माणसं गेली.

आपल्या स्वयंपाकघरांत खिडकी वर असते आणि जड गॅस खाली. जमिनीलगत, बाहेर उघडणारी जाळी प्रत्येक घरात हवीच, असं माझं ठाम मत आहे. वास आला तर पंखा किंवा दिवा लावू नका, चालू असेल तर बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, घराबाहेर पडा आणि मग 1906 वर फोन करा.