वळवाच्या विजेने संगणक बंद पडला, तर?



आज उसाऐवजी संगणकावर लिहितो आहे. सात-बारा, पीकनोंद, पोरांचे प्रवेश-अर्ज, सगळे आता त्यातच आले आहे.

माझ्या बहिणीचे सासर मुरबाड तालुक्यात. शहापूर-मुरबाडकडे मे महिन्यातला वळीव आणि भातकापणीच्या सुमाराचा परतीचा पाऊस विजा घेऊनच येतो. अशाच एका वळवात भाच्याचा संगणक गेला. तो गावकऱ्यांचे फॉर्म भरून पोट भरतो. दुरुस्तीवाला म्हणाला, "सगळाच जळाला, नवा घ्या." भाचा रडकुंडीला आला. "मामा, अख्ख्या गावाची कागदं आत आहेत!"

पंप बंद पडला की आपण वीज कुठवर येते ते क्रमाने बघतो. इथेही तेच केले.

आधी घरातले दिवे पाहिले. काही मंद नि काही डोळे दिपवणारे असतील, तर न्यूट्रल तुटल्याचा संशय घ्यावा. मेन स्विच बंद करून महावितरणला कळवावे. दिवे ठीक होते. मग त्याच प्लगवर टेबलफॅन लावला, तो फिरला. मॉनिटरची चालू वायर संगणकाला लावली, तरी तो मुकाच. सगळ्या वायरी काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले, नुसती विजेची वायर जोडली, पण आतला पंखा काही हलला नाही. संशय एसएमपीएसवर आला. हीच पेटी २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आत देते. जाणकाराकडून दुसरी पेटी लावून पाहिली, आणि संगणक सुरू झाला! कागदपत्रे शाबूत निघाली. इंटरनेटच्या वायरीचे तोंड मात्र जळाले होते. वीज त्या वाटेनेही शिरते.

एसएमपीएस घरी उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

आभाळ भरून आले की आधीच प्लग आणि इंटरनेटची वायर, दोन्ही उपसा. नुसते बटण बंद करून भागत नाही, वीज ती फट ओलांडते. विजा डोक्यावर आल्यावर मात्र वायरींना हात लावू नका; यंत्रापेक्षा जीव मोठा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाईलवर ठेवा, जवळपासच्या विजेची सूचना त्यावर मिळते. घराचे अर्थिंग तपासून घ्या, कागदपत्रांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

आणि "सगळाच जळाला" असे कोणी म्हटले, तर एवढेच विचारा : "दुसरा एसएमपीएस लावून पाहिलात का?"

— ऊस विकास अधिकारी