पेढी, पत आणि १४४१६

अहिल्यानगरच्या कापड बाजारात गल्ल्याजवळ क्यूआर कोडची पाटी नसलेले दुकान आता विरळाच. आरंभी मोबाइलवर पैसे घेण्यास कचरणारा व्यापारी या मार्गाला लागला, तो जाहिराती वाचून नव्हे. शेजारच्या दुकानदाराच्या खात्यात रक्कम जमा झालेली त्याने स्वतः पाहिली आणि घरातल्या मुलाने अथवा सुनेने जवळ बसून रीत शिकविली, तेव्हा कुठे भीती गेली.

मनाच्या आजारांसाठी निघालेल्या डिजिटल साधनांचे घोडे नेमके येथेच अडते. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज भासल्यास तज्ज्ञाशी जोडून देतो. बंगळुरूची निमहान्स ही या सेवेची शिखर संस्था. २०२४ मध्ये तिचे अ‍ॅपही आले. तरी व्यापारी घरात झोप उडाल्याची तक्रार निघाली, की पहिला शोध आम्लपित्ताच्या औषधाचाच होतो!

याचे मूळ पतीत आहे. व्यापारात उधारी मिळते ती नावावर. ‘अमक्याचे चित्त ठिकाणावर नाही’ ही कुजबुज आडते बाजारात पोहोचली की माल देणारा हात आखडता घेतो. पुढे मुलीच्या सोयरिकीतही तीच गोष्ट आडवी येते. म्हणून दुखणे झाकले जाते. फोनवरची मदत अशा घराला सोयीची वाटावी. परंतु एकत्र कुटुंबातल्या सुनेला मोकळेपणाने बोलायला कोपरा कोठे मिळतो? आणि फोन लावण्याचे बळ त्या अवस्थेत येणार तरी कोठून?

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात यावर एक वाट निघाली. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तेथे २०१३ पासून ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबविला. गावातलेच स्वयंसेवक निवडून त्यांना प्रशिक्षण दिले. त्यांपैकी काहींच्या हाती स्मार्टफोन आणि त्यात मराठी चित्रफिती दिल्या. स्वयंसेवक खिन्न माणसाजवळ बसे, चित्रफीत दाखवी आणि मग बोलणे सुरू होई. स्वतःची व्यथा सांगण्याआधी दुसऱ्याची पाहिली की जीभ सैल होते. काही भेटींतून धीर देणे, अडचणीवर तोड सुचविणे, शासकीय योजनांची वाट दाखविणे आणि आजार गंभीर असल्यास डॉक्टरांकडे पाठविणे, हे त्याचे काम. पुढे हीच पद्धत गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात गेली.

जैन सोशल फेडरेशनने नगरात आनंदऋषीजी हॉस्पिटल उभारून हृदयाची, मूत्रपिंडाची, डोळ्यांची चिंता वाहिली. मनासाठी लागणारी माणसे स्थानकात आणि महिला मंडळात आहेतच. गुरूंपुढे केलेली आलोचना बाहेर जात नाही, हे त्यांना शिकवावे लागत नाही; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्कच मानला आहे.

मात्र साधर्मिकाने वैद्य होऊ नये. जीव देण्याची भाषा कानी आली तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता तत्काळ १४४१६ ला फोन लावावा अथवा रुग्णालय गाठावे. एरवी फोन जोडून दिला की आपण खोलीबाहेर जावे, दार ओढून घ्यावे आणि आत काय बोलणे झाले ते नंतरही विचारू नये.